पटावर नसलेलं घर

मिश्री सोडून सुमनबाईंना दोन वर्षं होत आली होती, तरी त्या दुपारी त्यांचं बोट सारखं दाताकडं जात होतं. तंबाखूचा नुसता हात लागला तरी रेशमाच्या आळ्या माना टाकतात, म्हणून घरामागं शेड उभी राहिली त्याच दिवशी त्यांनी जन्माची सोबतीण असलेली डबी उकिरड्यावर भिरकावली होती. रिकाम्या हाताला तेवढाच एक विरंगुळा होता, तोही गेला. आता हात मोकळे राहिले की जिवाची घालमेल व्हायची. आणि आज तर त्यांना काम असं लावून दिलं होतं, की कशाला हात लावायचा नाही हेच ते काम.

ओसरीवरून शेडकडं आणि शेडकडून ओसरीवर अशा त्यांच्या खेपा चालल्या होत्या. एप्रिल सरत आला होता. वाशीच्या बाजूचं ते माळरान उन्हानं पांढरं फटक पडलं होतं. मुलगा प्रेमानंद चंद्रिका आणायला सकाळीच परंड्याला गेला होता. मोठ्या झालेल्या आळ्या कोष विणायला ज्या जाळीदार चौकटींवर चढतात, त्या चंद्रिका. सून शाळेवर. आणि जिचा हा सगळा कारभार, ती नात श्रावस्ती, आदल्या दिवशी पुण्याला गेली होती. तिथं तिला तिच्या सरांपुढं चार वर्षांचं काम मांडायचं होतं.

ते काम शेडच्या दाराशीच टांगलेलं होतं. एक फिकट डबा, त्यातून निघालेल्या वायरी, रॅकच्या कप्प्याकप्प्यात लोंबणारी बोटाएवढी यंत्रं. पंखा कधी लावायचा, फवारा कधी सोडायचा, बाजूचे पडदे कधी वर घ्यायचे, सगळं त्या डब्याच्या मर्जीनं. माणसाच्या वाट्याला त्यानं एकच खटका ठेवला होता. त्याच्या एका बाजूला चिकटपट्टीवर श्रावस्तीच्या अक्षरात लिहिलं होतं ‘जागी’, दुसऱ्या बाजूला ‘झोपली’.

गावात उन्हाळ्यात बॅच कुणी घेत नाही. पाडव्यानंतर आळी टिकत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक. प्रेमानंदही शेड बंद करणार होता. पण श्रावस्ती म्हणाली, माझं यंत्र अवघड दिवसांतच तपासायला हवं, सोप्या दिवसांत कुणीही तरून जातं. बाप तयार होईना. तेव्हा सुमनबाईच मधे पडल्या होत्या. “दे तिला एक बॅच. नासली तर माज्या नावावर घाल.” बॅच चंद्रिकेवर चढली तर पोरीचं गणित जित्या जिवांवर चाललं असं होणार होतं. नाही चढली, तर ते कागदावरच राहणार होतं.

ते गणित सुमनबाईंना समजावण्याचा घाट श्रावस्तीनं याच ओसरीवर घातला होता.

“आजी, गरमी कशी वाढते? पायरी पायरीनं?”

“न्हाय. सरकत येती. सावली सरकती तशी.”

“मग सत्तावीस अन् अठ्ठावीसच्या मधे किती गरम्या असतील?”

“म्या काय मोजाय बसले व्हय?”

“कुणालाच मोजता येणार नाहीत. प्रत्येकीसाठी यंत्राला वेगळं सांगायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून मी त्याच्या चौकटी पाडल्या. एका चौकटीतली सगळी गरमी सारखीच धरायची. थोडी चूक होते, पण किती होते ते मला आधीच ठाऊक असतं.”

सुमनबाईंनी चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर पट आखला. कवड्या टाकून खेळतात तो, मधे फुल्या मारलेल्या घरांचा. “असा?”

श्रावस्ती बघतच राहिली. मग हसून खाली बसली. “असाच. या अंगानं गरमी, त्या अंगानं दमटपणा. फुलीच्या घरात सोंगटी कुणी मारत नाही ना? तशी आळ्यांना मानवणारी घरं ती फुलीची.”

“अन् कवड्या?”

“वारा, ढग, लाईट जाणं. ते माझ्या हातात नाही.”

“मग तुज्या हातात काय ऱ्हायलं?”

“चाल. पंखा लावायचा का फवारा सोडायचा. पटावरच्या एकेका घरासाठी मी चाल आधीच काढून ठेवलीय. कवड्या काहीही पडोत, यंत्र घर बघतं अन् चाल करतं. शंभर वेळा खेळ मांडला तर पंच्याण्णव वेळा तरी सोंगटी फुलीच्या घरांतच फिरेल, हे मी सिद्ध केलंय.”

“अन् ऱ्हायलेल्या पाच वेळा?”

“त्यांचं मी काही बोलत नाही.”

सुमनबाईंच्या मनात नेमके ते पाचच अडकून बसले होते.

“आता आळ्यांचं ऐक,” श्रावस्ती म्हणाली होती. “गरमी सरकते, पण आळी उडी मारते. खात असते तोवर जागी, मग एकदम खाणं सोडून कात टाकायला झोपते. जागेपणी तिला दमट हवा लागते, झोपेत कोरडी. म्हणून माझे पट दोन आहेत. एका पटावरून दुसऱ्यावर कधी जायचं ते यंत्राला दिसत नाही. ते तू बघायचं. निजल्या की खटका फिरवायचा. एवढंच. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

पट बघितला की सुमनबाईंना दगडाबाई आठवायची. पाटलांच्या घरची, त्यांच्याच वयाची. विहिरीपलीकडच्या शिळेवर ती कोळशानं पट आखायची. कवड्या तिच्या, सोंगट्या म्हणजे सुमनच्या फुटक्या बांगड्यांच्या काचा. एरवी पाटलांच्या घरचं काही द्यायचं झालं तर ते वरून टाकायचे किंवा खाली ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. पण खेळच असा, की कवड्या जमिनीवरच टाकायच्या असतात. त्यामुळं त्या शिळेवर कोण कुणाला शिवत नाही हे दोघींच्याही ध्यानात यायचं नाही. दगडाबाई लग्न होऊन गेली ती सोलापूरकडं, तिचं काय झालं ते पुढं कळलंच नाही. शिळाही विहिरीच्या बांधकामात गेली.

आत रोग जाऊ नये म्हणून दाराशी ठेवलेल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून सुमनबाई पुन्हा शेडमध्ये शिरल्या.

सकाळपर्यंत आत एकसारखा आवाज होता. वाळक्या कडब्यावरून कुणी हलक्या पायानं चालत राहावं तसा, हजारो तोंडांनी पाला कुरतडल्याचा. आता तो आवाज विरळ झाला होता. चौथी झोप आली होती, यानंतरच्या जागेपणी आळी बोटाएवढी होते. बहुतेक आळ्या मान उंच करून, देवळातल्या दगडी नागासारख्या निश्चल बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर पिवळसर चकाकी चढली होती. पण मधे मधे कुरकुर चालूच. कुठं एखादी, कुठं दोन-चार, निजलेल्यांच्या अंगावरून चढून पाल्याची कड शोधत होत्या.

दारात सावली पडली. हिंमतराव होते, दगडाबाईचे धाकटे भाऊ. गावात शेड पहिली त्यांचीच. आत न येता त्यांनी चौकटीला हात टेकला.

“काय सुमनबाई, तुमी यंत्राला राखताय का यंत्र तुमाला?”

“दोगं एकमेकाला. तुमची शेड काय म्हनती?”

“कोंबड्या बसत्यात. उन्हाळ्यात माज्या शेडात त्याच शान्या.” त्यांनी वाकून पहिल्या रॅकवर नजर टाकली. “निजल्या की. फिरवा खटका.”

“समद्या न्हाय निजल्या.”

“समद्या कवाच निजत न्हाईत. माज्या घरात तरी कुटं निजतेत. म्हातारी खोकती, नातू मोबाईल बघतो, तरी आमी लाईट बंद करतोच ना.”

“ही बगा खाती. अन् ही. हिनं तर आत्ता नवं पान धरलं.”

“दहातल्या नऊ निजल्या की मोल्ट, म्हंजी झोप लागली असं धरायचं, पाला बंद करायचा, चुना मारायचा. रेशीमवाल्या साहेबानं तुमच्या म्होरंच सांगितलं व्हतं.”

“सांगितलं व्हतं. म्या इसरले न्हाई.”

हिंमतरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि उन्हात निघून गेले.

सुमनबाई खटक्यापाशी गेल्या. हात वर केला, खाली घेतला. नियम त्यांना पाठ होता, अडचण नियमाची नव्हतीच. ‘झोपली’ म्हटलं की पाला बंद. पाला बंद म्हटलं की ह्या खाणाऱ्या उपाशी. आणि यंत्राच्या लेखी त्या खाणाऱ्या नव्हत्याच, कारण त्यांच्यासाठी तिसरी बाजूच खटक्याला नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर त्यांची आई खडी फोडायला जायची. सतरा वर्षांची सुमन सोबत असायची. एके दिवशी आईला पाणी भरता भरता उशीर झाला. ती पोचली तेव्हा मुकादमानं हजेरी घेऊन वही मिटली होती. हजर नाहीतर गैरहजर, दोनच रकाने. आई दिवसभर सगळ्यांच्या पंगतीत बसून खडी फोडत राहिली. दुपारी सुकडी वाटायला आली तेव्हा मुकादम तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, तू आज आलेलीच नाहीस. सुमननं आपली सुकडी अर्धी केली, पण आईनं घेतली नाही. तेव्हापासून सुमनबाईंच्या घरात शेवटचं माणूस जेवल्याशिवाय चूल विझली नव्हती. लग्नकार्यातही त्या मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, कुणी मागं राहिलंय का ते बघत.

त्यांनी कोपऱ्यातल्या ओल्या पोत्याखालून तुतीच्या फांद्या काढल्या आणि जिथं जिथं कुरकुर ऐकू येत होती तिथं तिथं पाला टाकला. थोडाच. मग पलीकडच्या रॅकवरही टाकला, कारण तिथलीही एक मान हलताना दिसली. खाऊन निजतील, मग फिरवू खटका, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पण पाला आला तशा आणखी काही जाग्या राहिल्या. निजू पाहणाऱ्याही दोन घास घ्यायला वळल्या. खटका ‘जागी’वरच होता, त्यामुळं यंत्रानं आपल्या पटावरचं घर बघितलं, हवा कोरडी वाटली, आणि फवारा सोडला. बारीक धुकं रॅकभर पसरलं. मधेच लाईट गेली, फवारा थांबला, बॅटरीवर पंखा लागला, लाईट आली, पुन्हा धुकं. सुमनबाई या टोकाकडून त्या टोकाला फिरत होत्या. पाला बाजूला करून त्यांनी खाली पाहिलं. निजलेल्या आळ्या पानांखाली दबल्या होत्या. अंग ओलं, मान वर काढायला जागा नाही. एकीला त्यांनी बोटानं हलवलं. तिची मान एका बाजूला कलंडली ती कलंडलीच.

फोन वाजला. श्रावस्ती होती.

“आजी, मला इथून यंत्र दिसतंय. खटका अजून ‘जागी’वर आहे. आळ्या अजून खातायत?”

“खात्यात.”

“किती?”

सुमनबाईंनी जवळच्या रॅकवरून नजर फिरवली.

“आजी?”

“दहात एखादी. बाकीच्या कवाच्याच निजल्या.”

पलीकडं कॉलेजच्या आवारातला गलबला मागं पडला, पोर बाजूला सरकली असावी.

“सकाळपासून?”

“दुपार व्हायच्या आदीपासून. म्या पालाबी टाकला. वराडू नको.”

“ओरडत नाहीये. मला सांग, का टाकलास?”

“त्या खात व्हत्या, बाळा. खानाऱ्याच्या म्होरनं ताट कसं वडू? तुज्या यंत्रात त्यांच्यासाठी घरच न्हाय. एक तर जागी, न्हायतर निजलेली. ज्या मदल्या हायत त्यांनी कुटं जावं?”

“मधलं घर मी केलं नाही, खरंय. मला वाटलं ते थोडाच वेळ असतं, सोडून दिलं तर चालतं.” श्रावस्तीचा आवाज बारीक झाला होता, पण तुटत नव्हता. “मी वारा हिशेबात धरला होता, ढग धरले, लाईटही धरली. आजी धरायची राहिली.”

“मंग आता धर.”

“आता खेळ अर्ध्यावर आलाय. पट नव्यानं आखता येणार नाही. जितका वेळ निजलेल्यांवर फवारा पडतोय, तितका वेळ माझं गणित कसलीच हमी देत नाही. तूच सांग काय करायचं ते.”

“मागं ऱ्हायलेल्या म्या उचलून भाइर नेल्या तर?”

“नेता येतील. पण शेडच्या बाहेर गेल्या म्हणजे माझ्या लेखी गेल्या. उद्या सकाळी सरांपुढं मी त्या गमावल्या असंच लिहीन, अन् का तेही सांगेन.”

“लिही की. लिवल्यानं काय त्या मरत न्हाईत.”

फोन ठेवून सुमनबाईंनी खटका फिरवला. कसला आवाज झाला नाही. थोड्या वेळानं पडदे कण्हत वर चढले आणि माळावरची झळ आत शिरली. फवारा मुका झाला. मग त्यांनी पाला काढायला घेतला. पान उचलायचं, त्याच्या पाठीला चिकटून खात असलेली आळी पानासकट सुपात ठेवायची, खालच्या निजलेलीला मोकळं करायचं. कंबर मोडून आली. एक सूप भरलं, दुसरं भरलं, घरातली सुपं संपली. खालच्या काही आळ्या आता उठणाऱ्या नव्हत्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून पदरात घेतल्या.

“हे घ्या,” मागून आवाज आला. हिंमतराव होते, या वेळी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून आत आलेले. त्यांच्या हातात आपल्या शेडमधले रिकामे ट्रे होते. त्यांनी एक पुढं केला, सुमनबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला.

“म्या खटका फिरवला,” त्या म्हणाल्या.

“दिसलं मला. पडदे वर गेले तसा आलो.” ते पलीकडच्या रॅकशी वाकले. “आमची दगडाक्का पण अशीच व्हती. हरलेली सोंगटीबी पटावरनं उचलू द्यायची न्हाई.”

“तिचं काय झालं वो?”

“बाळंतपनात गेली. पंचाहत्तर साल असंल.”

सुमनबाईंचा हात पानावर थांबला. मग पुन्हा चालू लागला. भरलेला ट्रे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिला.

प्रेमानंद चंद्रिका घेऊन आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. ओसरीभर सुपं, ट्रे, वर गारव्याला झाकलेली ओली धोतरं, आणि मधे आई. शेड निपचित. त्यानं आत जाऊन रॅक पाहिले, चुना मारला, बाहेर आला.

“किती गेल्या, माय?”

“पदरात हायत. मोज.”

त्यानं मोजल्या नाहीत. खड्डा खणून पुरल्या.

श्रावस्ती दुसऱ्या दिवशी आली. एसटीतून उतरली ती चप्पल काढून थेट शेडमध्ये. सुमनबाई दारात उभ्या राहून तिच्या पाठीकडं बघत होत्या. पोर एकेका रॅकपाशी वाकत होती, यंत्राच्या आकड्यांशी ताडून बघत होती, पुन्हा वाकत होती. शेवटी ती बाहेर येऊन पायरीवर बसली.

“मी सांगितलं सरांना सगळं.”

“काय म्हनले?”

“हसले आधी. मग म्हणाले, बाकीचा खेळ पुरा होऊ दे, अन् मधल्या घराचं काय करायचं ते लिहून आण. फवारा पडत होता त्या वेळचे आकडे मला धरता येणार नाहीत, आजी. तेवढा तुकडा गेला. पण खटका फिरल्यावर यंत्रानं फुलीचं घर सोडलेलं नाही. ही बॅच त्या पाचांतली होता होता राहिली.”

“मंग चढंल चंद्रिकेवर?”

“आठवडा आहे अजून. कवड्या पडतील तशा.” तिनं ओसरीकडं पाहिलं. “अन् तुझ्या?”

“ये, बग.”

धोतर उचललं. सुपातल्या काही आळ्या सुकून गेल्या होत्या. बऱ्याचशा आता कुठं मान उंच करून निजायला लागल्या होत्या, एक दिवस उशिरानं. एका कोपऱ्यात एक मात्र अजून खात होती.

“यांचे कोष पातळ होतील,” श्रावस्ती म्हणाली.

“हुतील की.”

“ह्या गेल्या असं लिहिलंय मी.”

“गेल्या न्हाईत. ओसरीवर हायत. तू लिवलंस ते तुज्या पटाचं.”

श्रावस्तीनं फरशीवरच्या पुसट झालेल्या पटाकडं पाहिलं. “मधलं घर कुठून सुरू होतं, आजी? दहातली कितवी निजली की?”

“मला काय म्हाईत. काल दिसभर तेच तर बगत व्हते.”

संध्याकाळच्या सुमाराला शेडमधून पुन्हा आवाज यायला लागला. दोघी आत गेल्या. पहिल्या आळ्या कात टाकून उठल्या होत्या. फिकट, मोठ्या तोंडाच्या, अंग सुरकुतलेलं. त्या उपाशी होत्या आणि रिकाम्या जागेत मान इकडून तिकडं फिरवत पाला शोधत होत्या. त्यांच्या भोवतीनं बाकी सगळ्या अजून निजलेल्या. खटका ‘झोपली’वर होता. बहुतेक सगळ्या उठेपर्यंत पाला द्यायचा नाही, नाहीतर बॅच मागंपुढं होते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

श्रावस्ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. नकळत तिचा हात ओल्या पोत्याकडं गेला.

“हात आवर,” सुमनबाई म्हणाल्या.

“एक पान फक्त. ही कडेची बघ ना.”

“बगितली. म्या तिलाच बगायले मगापासून.”

सुमनबाईंनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. कडेची आळी रॅकच्या काठापर्यंत आली, तिथून वळली, परत निघाली. पलीकडं आणखी एक उठली. मग आणखी दोन. बाकीच्यांना उठायला अजून किती वेळ लागणार ते यंत्रालाही सांगता येत नव्हतं. मधेच सुमनबाई उठल्या आणि ओसरीवर जाऊन कोपऱ्यातली ती एक निजली का ते बघून आल्या.

“निजली?” श्रावस्तीनं विचारलं.

“न्हाय अजून,” म्हणत त्या पुन्हा हातांवर बसल्या.